ऐरणीवरचा इतिहास

दिल्लीत मेहरौलीला, कुतुबमिनाराच्या आवारात, एक लोखंडी स्तंभ उभा आहे. उंची सुमारे ७.२ मीटर, वजन सहा टनांहून अधिक. सोळाशे वर्षांचे ऊनपाऊस अंगावर घेऊनही तो गंजून संपलेला नाही. त्यावर संस्कृतात सहा ओळींचा लेख कोरलेला आहे. चंद्र नावाच्या राजाने कोणते शत्रू जिंकले, त्याची कीर्ती कुठवर पसरली, विष्णूचा ध्वज म्हणून हा स्तंभ त्याने कसा उभारला, हे सगळे त्या लेखात आहे. हा चंद्र म्हणजे गुप्त घराण्यातील दुसरा चंद्रगुप्त, असे बहुतेक अभ्यासक मानतात. सहा टन लोखंड दगडातून कोणी काढले, कोणी तापवले, कोणी ठोकून एकजीव केले, यावर मात्र त्या लेखात एक अक्षर नाही.

मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. प्राचीन भारताच्या पेपरात हा स्तंभ हमखास येतो. मुले उत्तर लिहितात : ‘गुप्तकाळात धातुविज्ञानाची मोठी प्रगती झाली होती.’ मी त्यांना गुण देतो. मीही विद्यार्थी असताना हेच लिहिले होते आणि मलाही गुण मिळाले होते. पण या वाक्यात प्रगती कोणाची झाली, हे कुठेच येत नाही. राजाचे नाव येते, घराण्याचे येते, युगाचे येते. ज्यांच्या हातांना फोड आले त्यांचे येत नाही. आपल्या इतिहासलेखनात वाक्याचा कर्ता असा गाळला जातो आणि त्या गाळण्याला वस्तुनिष्ठता म्हणतात.

‘त्यांनी काही लिहून ठेवले नाही, मग आम्ही काय करणार?’ असे यावर सांगितले जाते. प्रस्तुत लेखात मला या सबबीचीच झडती घ्यायची आहे. अक्षरांची बंदी ज्यांच्यावर होती, त्यांनी पोथी लिहिली नाही हे उघड आहे. परंतु धातूला तापवणाऱ्या, ठोकणाऱ्या आणि जोडणाऱ्या माणसाच्या प्रत्येक कृतीची नोंद त्या धातूच्या पोटात होत असते. ती वाचता येते. गेली दीडशे वर्षे ती वाचण्याचे साधन उपलब्ध आहे. वाचण्याची इच्छा मात्र आपल्या विद्वानांना फारशी झाली नाही.

१

ही नोंद कशी होते, ते आधी समजून घेतले पाहिजे. मी शास्त्राचा विद्यार्थी नाही. तंत्रनिकेतनात शिकवणाऱ्या एका मित्राने हे मला शिकवले, आणि त्यासाठी त्याने आमच्या घरातला जुना, मोडका विळा मागून घेतला. विळ्याचा तुकडा कापला, घासून आरशासारखा गुळगुळीत केला, त्यावर सौम्य आम्ल फिरवले आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. बाहेरून एकसारखे दिसणारे लोखंड आत असंख्य लहान कणांचे बनलेले असते, हे मी त्या दिवशी प्रथम पाहिले. विळ्याच्या पाठीकडचे कण पांढरट, मऊ लोखंडाचे होते. त्यांच्यामधून काळ्या रेघा गेल्या होत्या. त्या रेघा म्हणजे भट्टीतली मळी. घणाचे घाव बसतील तशी ती मळीही लोखंडाबरोबर लांबत गेलेली. धारेकडे मात्र सगळे चित्रच निराळे : गर्द, बारीक, सुयांसारखे कण. मित्र म्हणाला, “हे पोलाद आहे. लोहाराने मऊ लोखंडाच्या कडेला पोलादाची पट्टी तापवून ठोकून जोडली आहे, आणि मग फक्त धारेला पाणी दिलं आहे.”

पाणी देणे हा शब्द आपल्या खेड्यात सगळ्यांना ठाऊक आहे. कुऱ्हाड, विळा, फाळ शेवटून घ्यायला नेला की लोहार तो तापवतो, ठोकतो आणि शेवटी पाण्यात बुडवतो. त्या चर्र आवाजात काय घडते? पोलाद म्हणजे थोडा कर्ब मिसळलेले लोखंड. सुमारे ७२७ अंशांच्या वर तापले की त्याची आतली रचना बदलू लागते आणि कर्ब लोखंडात विरघळतो. हळूहळू थंड होऊ दिले तर कर्ब पुन्हा वेगळा होतो आणि पोलाद मऊ राहते. एकदम पाण्यात बुडवले तर कर्बाला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. तो अडकतो, कणांची रचना ताणली जाते आणि पोलाद काचेसारखे कठीण, पण काचेसारखेच ठिसूळ होते. म्हणून लोहार ते पुन्हा किंचित तापवतो. घासलेल्या धारेवर आधी गवताचा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, निळा असे रंग चढतात. विळ्याला कोणत्या रंगावर थांबायचे आणि छिन्नीला कोणत्या, हे त्याला माहीत असते. पिवळा रंग दिसतो तेव्हा तापमान सव्वादोनशे अंशांच्या आसपास असते आणि निळा दिसतो तेव्हा तीनशेच्या. हा आकडा लोहाराला ठाऊक नव्हता. रंग ठाऊक होता.

घणाच्या घावाचेही तसेच. लालबुंद लोखंडावर घाव पडतो तेव्हा मोठे कण मोडतात आणि त्यांच्या जागी नवे, बारीक कण जन्मतात. बारीक कणांचे लोखंड अधिक बळकट आणि अधिक चिवट असते. थंड लोखंड ठोकत राहिले तर कण चपटतात, लोखंड ताठर होत जाते आणि शेवटी तडकते. उलट, भट्टीत गरजेपेक्षा जास्त वेळ राहिले तर कण वाढून भरड होतात आणि वस्तू दुबळी होते. म्हणजे केव्हा बाहेर काढायचे, कोणत्या रंगापर्यंत ठोकायचे आणि केव्हा थांबायचे, यावर सगळे अवलंबून. आपण याला ‘हातचे कसब’ म्हणतो आणि विषय संपवतो. कसब हा शब्द मोठा सोयीचा आहे. त्याने कौतुक होते, आणि ज्ञान म्हणून मान द्यावा लागत नाही.

२

आता मेहरौलीच्या स्तंभाकडे पुन्हा पाहू. शुद्ध लोखंड वितळायला १५३८ अंश तापमान लागते. जुन्या मातीच्या भट्टीत कोळशाच्या आगीवर ते गाठता येत नव्हते. त्यामुळे दगडातून लोखंड सुटे, ते मळीने भरलेल्या सच्छिद्र गोळ्याच्या रूपात. तो गोळा तापवून घणाने ठोकायचा, म्हणजे वितळलेली मळी पिळून बाहेर पडते. असे वीस-तीस किलोचे गोळे एकावर एक ठेवून, तापवून, ठोकून हा सहा टनांचा स्तंभ घडवला गेला, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. स्तंभ ओतीव नाही, तो जोडीव आहे. आज ज्याला आपण वेल्डिंग म्हणतो त्याचेच हे जुने रूप. दोन तुकडे पांढऱ्या उजेडापर्यंत तापवायचे. त्यांच्यावर तयार होणारी पापडी वाळू टाकून पातळ करायची. घाव पडला की ती पापडी उडून जाते आणि लोखंडाला लोखंड भिडते. क्षणभर उशीर झाला तर सांधा कच्चा राहतो. एवढ्या मोठ्या वस्तूवर हे काम करायचे म्हणजे कितीतरी माणसांनी एका ठेक्यात घण उचलायला हवेत.

स्तंभ का गंजला नाही, याचे उत्तर कानपूरच्या आयआयटीतील आर. बालसुब्रमण्यम यांच्या संशोधनातून २००० सालच्या सुमारास स्पष्ट झाले. या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण आजच्या पोलादाच्या मानाने बरेच अधिक आहे. त्या भट्ट्यांत चुनखडी घालत नसत, म्हणून दगडातला फॉस्फरस मळीबरोबर निघून न जाता लोखंडात उरला. आत मळीचे बारीक कणही उरले. या दोन्हींमुळे आणि पाऊस-उन्हाच्या आलटून पालटून होणाऱ्या माऱ्यामुळे पृष्ठभागावर एक पातळ, घट्ट थर तयार झाला. तोच स्तंभाचे रक्षण करतो.

येथे एक इशारा दिला पाहिजे. या स्तंभाच्या नावाने ‘आमच्या पूर्वजांना सर्व काही ठाऊक होते’ अशी आरोळी ठोकणारे पुष्कळ आहेत. त्या आरोळीत आपण सामील होण्याचे कारण नाही. फॉस्फरस नावाचे मूलद्रव्य त्या लोहारांना माहीत असणे शक्य नव्हते. ते १६६९ साली युरोपात सापडले. त्यांना माहीत होते ते कोणत्या डोंगराचा दगड, कोणत्या झाडाचा कोळसा, कोणता रंग, कोणता आवाज. ते खरे ज्ञान होते आणि अपुरेही होते. ज्यांनी ते कमावले त्यांना ‘पूर्वज’ म्हणून मिरवणाऱ्यांच्या पूर्वजांनी त्यांच्याशी कसा व्यवहार केला, हा पुढचा प्रश्न.

३

मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात ब्राह्मणाने कोणाकोणाचे अन्न खाऊ नये याची यादी आहे. त्या यादीत निषाद, नट, बुरूड यांच्याबरोबर लोहार आहे, सोनारही आहे. ज्याने केलेला फाळ जमीन नांगरतो, ज्याने केलेल्या विळ्याने धान्य कापले जाते, त्याच्या घरचे अन्न मात्र अभक्ष्य! २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जे पुस्तक जाळले गेले, ते केवळ अस्पृश्यांचे वैरी नव्हते. हाताने काम करणाऱ्या प्रत्येकाचे ते वैरी होते.

याच्या उलट चित्र पाली वाङ्मयात आहे. भगवान बुद्धांनी अखेरचे भोजन केले ते पावा येथील चुंदाच्या घरी. चुंद हा कम्मारपुत्त, म्हणजे लोहाराचा मुलगा. त्या भोजनानंतर भगवंतांचे दुखणे बळावले, तेव्हा त्यांनी आनंदाला बजावले की चुंदाला कोणी दोष देऊ नये. त्याचे अन्नदान सुजाताच्या अन्नदानाइतकेच श्रेष्ठ आहे. एका परंपरेने लोहाराचे अन्न नाकारले, दुसऱ्या परंपरेच्या संस्थापकाने ते अखेरचे म्हणून स्वीकारले आणि वाढणाऱ्याच्या मनाचीही काळजी घेतली. धातुविद्येच्या इतिहासात हा प्रसंग कोणी सांगत नाही. मला तो तेथे सांगावासा वाटतो.

गावगाड्यात लोहार हा बलुतेदार होता, स्पृश्य होता. त्याची आणि आमची स्थिती एक नव्हती, हे मी विसरत नाही. पण भट्टीकडे नीट पाहा. कोळसा नुसता पेटवून लोखंड पांढरे होत नाही. त्याला हवेचा जोर लागतो, आणि तो जोर भात्यातून येतो. भाता कातड्याचा. मेलेले जनावर ओढून नेले महाराने, कातडे कमावले ढोराने. ज्या कामामुळे आम्हाला विटाळाचे ठरवले, त्याच कामातून आलेल्या कातड्याच्या श्वासावर ती आग बाराशे अंशांपर्यंत चढत होती. धातूच्या कणांची रचना बदलणारी उष्णता अशी अनेक जातींच्या हातांतून गेलेली आहे. या हातांनी एकत्र काम केले, पण त्यांना एकत्र बसून जेवू दिले नाही. बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलना’च्या भाषणात मांडलेला मुद्दा हाच आहे : जात कामे वाटून देऊन थांबत नाही, ती काम करणारी माणसेच एकमेकांपासून तोडून वरखाली रचते.

आणि लोहाराच्याही पलीकडे, दगडातून लोखंड काढणारे आहेत. नागपूर जिल्ह्यातील नायकुंडला १९७८ ते १९८० या काळात डॉ. शां. भा. देव आणि डॉ. अ. प्र. जामखेडकर यांनी उत्खनन केले. तेथे मातीच्या विटांची लोखंड गाळण्याची भट्टी, हवा आत सोडण्याच्या नळ्या आणि मळी सापडली. काळ इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या आसपासचा. नागपूरजवळच्याच महुरझरीला मिळालेल्या एका छिन्नीचा धातुशास्त्रीय अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला; ती छिन्नी पोलादाची निघाली. विदर्भाच्या मातीत अडीच हजार वर्षांपूर्वी ही विद्या नांदत होती. ती माणसे कोण होती, हे भट्टी सांगत नाही. पण मध्य भारतातील अगरिया आदिवासी विसाव्या शतकापर्यंत तशाच मातीच्या भट्ट्यांत लोखंड गाळत होते. व्हेरियर एल्विन यांनी १९४२ साली त्यांच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यांची दैवते लोहासुर, अग्यासुर आणि कोयलासुर : लोखंड, अग्नी आणि कोळसा. पुराणांनी ज्यांना असुर म्हणून मारले, त्यांच्या नावाने हे लोक भट्टी पेटवत होते.

४

या विद्येची जगाने दखल घेतली ती मुंबईमार्गे, म्हणून तोही प्रसंग सांगतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतील डॉ. हेलेनस स्कॉट यांनी १७९४ साली मुंबईहून लंडनला, रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे, पोलादाच्या काही वड्या पाठवल्या. या पोलादाला तिकडे ‘वूट्झ’ म्हणू लागले. कानडीतील ‘उक्कु’ या शब्दाचा तो अपभ्रंश असावा, असे मानतात. जॉर्ज पिअर्सन यांनी त्याची तपासणी करून १७९५ मध्ये निबंध वाचला आणि त्याच्या शीर्षकात हे पोलाद ‘मुंबईत तयार झालेले’ असे लिहिले. वस्तुतः असे पोलाद दख्खनच्या आणि दक्षिणेच्या खेड्यांत, मातीच्या बंद मुशीत लोखंड आणि झाडपाला किंवा लाकूड घालून बनवत. निजामाच्या मुलखातील कोनासमुद्रम् हे त्यांपैकी एक गाव. इराणचे व्यापारी तेथे मुद्दाम पोलाद घ्यायला येत. जहाज ज्या बंदरातून सुटले त्याचे नाव शीर्षकात आले. बनवणाऱ्याचे येथेही नाही.

युरोपातील लोहारांनी हे पोलाद हाती घेतले आणि ते फसले. त्यांच्या सवयीप्रमाणे त्यांनी ते पांढऱ्या उजेडापर्यंत तापवले, आणि घाव बसताच वडी भुगा होऊन उडाली. कारण असे : आपल्या विळ्याच्या पोलादात कर्ब शेकडा एकाहूनही कमी असतो, तर वूट्झमध्ये तो दीड टक्क्याच्या आसपास. इतका कर्ब असला की फार तापल्यावर कणांच्या सांध्यांत वितळण सुरू होते आणि कणाला कण धरून राहत नाही. हे पोलाद लाल रंगाच्या एका अरुंद पट्ट्यातच, हलक्या हाताने, पुनःपुन्हा तापवून ठोकावे लागते. तसे केले की कर्बयुक्त कठीण कण मऊ लोखंडात ओळींनी मांडले जातात. दमास्कस म्हणून गाजलेल्या तलवारींवर पाण्याच्या लाटांसारखी जी नक्षी दिसते, ती या ओळींचीच. ती नक्षी वरून काढलेली नसते, ठोकण्याच्या पद्धतीतून आतून उमटलेली असते.

लंडनमध्ये या पोलादाचे कोडे सोडवायला बसलेल्यांत मायकेल फॅरडे होते. १८१९ ते १८२२ या काळात सुऱ्या-वस्तऱ्यांचा कारागीर जेम्स स्टोडार्ट याच्याबरोबर त्यांनी अनेक प्रयोग केले. त्यांचा निष्कर्ष चुकला; वूट्झचे गुण ॲल्युमिनियममुळे येतात असे त्यांना वाटले. पण त्या प्रयत्नांतून मिश्र पोलादांच्या संशोधनाला चालना मिळाली. मला महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. फॅरडे हे लोहाराचे पुत्र होते. शिक्षण जेमतेम, पुस्तके बांधण्याच्या दुकानात उमेदवारी केलेली. त्यांनाही तिकडच्या वर्गभेदाचे चटके बसलेच. पण लोहाराच्या मुलाने प्रयोगशाळेत पाऊल ठेवले म्हणून ती धुऊन काढावी लागली नाही. त्याच काळात आपल्याकडे, ज्यांच्या हातून ते पोलाद निघत होते, त्यांच्या मुलांना अक्षर गिरवण्याची सोय नव्हती.

पुढे १८६३-६४ च्या सुमारास शेफील्डच्या हेन्री सॉर्बी यांनी पोलाद घासून, आम्लाने खोदून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, आणि धातूची आतली लिपी माणसाला प्रथम वाचता आली. तरीही दमास्कस पात्याचे कोडे पूर्ण सुटायला १९९८ साल उजाडले. अमेरिकेतील प्राध्यापक जॉन व्हेरहोवन आणि घोड्यांना नाल मारण्याचा धंदा करणारे लोहार आल्फ्रेड पेंड्रे यांनी वर्षानुवर्षे एकत्र काम केले. पेंड्रे पाती घडवत, व्हेरहोवन ती कापून तपासत. दगडातून आलेल्या व्हॅनेडियमसारख्या द्रव्यांचा अत्यल्प अंश असला, तरच पुनःपुन्हा तापवण्या-ठोकण्यातून ते कठीण कण ओळीत बसतात, असे त्यांनी दाखवून दिले. निबंधावर प्राध्यापकाबरोबर लोहाराचेही नाव आहे. दोनशे वर्षांचे कोडे सुटले ते डोके आणि हात एका भट्टीपाशी आले तेव्हा.

५

आपल्याकडे ते एका भट्टीपाशी का आले नाहीत? इंग्रजी राज्याचा वाटा मोठा आहे, तो नाकारता येणार नाही. १८६५ आणि १८७८ च्या जंगल कायद्यांनी कोळशाचे लाकूड हातचे गेले. १८७८ च्याच शस्त्र कायद्याने हत्यारांची मागणी आटली. विलायतेचे स्वस्त लोखंड बाजारात आले, आणि अगरियांच्या भट्ट्यांवर कर बसला. या माऱ्यापुढे भट्ट्या विझल्या.

परंतु इंग्रजांवर सगळा भार टाकून मोकळे होण्यात लबाडी आहे. भट्टी विझली तरी विद्या लिहून उरू शकली असती. ती उरली नाही, कारण ज्यांना येत होते त्यांना लिहू दिले नव्हते, आणि ज्यांना लिहिता येत होते त्यांना कोळशाला हात लावणे कमीपणाचे वाटत होते. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासात हेच निदान केले आहे : बुद्धिजीवी वर्ग हस्तव्यवसायापासून तुटला आणि विज्ञानाची दृष्टी लोपली. हे ‘का’ आणि ‘कसे’ यांचे विभाजन आहे. कसे करायचे ते एका जातीकडे, का होते ते विचारण्याचा अधिकार दुसऱ्या जातीकडे. आणि दुसरीने तो कधी बजावलाच नाही.

हे विभाजन गेल्या शतकाबरोबर संपले, असे कोणी समजू नये. माझे वडील औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात बावीस वर्षे हेल्पर होते. कारखान्याचे नाव सांगण्याची गरज नाही, असे कारखाने पुष्कळ आहेत. तेथे जाड पत्र्यांच्या टाक्या वेल्डिंग करून बनवत. प्रत्येक सांध्याशेजारी वेल्डरचा क्रमांक ठोकलेला असे. हेल्परला क्रमांक नसतो. वडिलांचे काम काय? वेल्डिंगच्या कांड्या भट्टीत तापवून कोरड्या ठेवायच्या, जाड पत्रा आधी गॅसच्या ज्योतीने शेकून घ्यायचा, सांधा झाल्यावर तो एकदम निवू नये म्हणून झाकून ठेवायचा. कुठल्याही हजेरीपुस्तकात हे काम ‘इतर’ या सदरात मोडते.

आता शास्त्र काय म्हणते ते पाहा. वेल्डिंगच्या ज्योतीशेजारचा पत्र्याचा भाग वितळत नाही, पण भडक तापतो. जाड आणि थंड पत्रा ती उष्णता झटक्यात ओढून घेतो. म्हणजे लोहाराने विळ्याला पाणी द्यावे, तसेच नको तिथे पाणी दिल्यासारखे होते. सांध्याशेजारचा पट्टा कठीण आणि ठिसूळ बनतो. कांडी दमट असेल तर तिच्यातल्या ओलाव्याचा हायड्रोजन त्या पट्ट्यात शिरतो. सांधा त्या वेळी ठणठणीत दिसतो, आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, तडकतो. माझे वडील चौथी शिकलेले. ते एवढेच म्हणत, “लोखंड थंडं असलं न, तं सकाळी तडकलेलं दिसते.”

एका हिवाळ्यात रात्रपाळीला घाई होती. पर्यवेक्षकाने पत्रा शेकू दिला नाही. सकाळी सांध्याला हातभर तडा गेलेला दिसला. वडिलांनी कांड्या ओल्या ठेवल्या, असे ठरले आणि त्यांची तीन दिवसांची मजुरी कापली गेली. ते घरी येऊन काही बोलले नाहीत. पुष्कळ वर्षांनी, मित्राने विळ्याचा तुकडा दाखवला त्या दिवशी, मी त्याला हा प्रसंग सांगितला. तो म्हणाला, “त्या सांध्याचा तुकडा कापून शेजारच्या पट्ट्याचं काठिण्य मोजलं असतं, तर पत्रा थंड होता की नाही ते तासाभरात कळलं असतं.” लोखंड साक्ष द्यायला तयार होते. हेल्परच्या बाजूने साक्ष घ्यावी, असे कोणाला वाटले नाही.

मी घरी येऊन वडिलांना हे समजावून सांगितले. कण, कर्ब, हायड्रोजन, सगळे. त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, “म्हंजे आपलं बरोबर होतं?” मी हो म्हणालो. आयुष्यभर हाताने जे खरे ठरवले होते, त्याला दुजोरा मिळायला त्यांना मुलाच्या पदवीची वाट पाहावी लागली. याचा मला आनंद झाला नाही, संताप आला.

६

म्हणून या अंकाच्या वाचकांना, विशेषतः शिक्षकांना आणि कार्यकर्त्यांना, माझी विनंती आहे. आपण आपल्या इतिहासाची साधने म्हणून शिलालेख शोधतो, गॅझेटियर चाळतो, आत्मकथने लिहितो. ते करायलाच हवे. त्याबरोबर अवजारांकडेही पाहू या. आपल्या वस्त्यांत, घिसाड्यांच्या पालांवर, गावच्या बंद पडलेल्या लोहारसाळेत जुने विळे, कुदळी, छिन्न्या पडलेल्या आहेत. भंगारवाला नेण्यापूर्वी त्यांतले काही तरी तपासून घेता येतील. ज्यांनी ती केली त्यांतले म्हातारे अजून आहेत. दगड कोणता, कोळसा कोणता, रंग कोणता, हे त्यांच्या शब्दांत लिहून घ्या, आणि नावानिशी लिहा.

दुसरे, आपली कितीतरी मुले आज आयटीआयमध्ये वेल्डर आणि फिटर होण्यासाठी जातात. त्यांना ‘कसे’ शिकवले जाते, ‘का’ शिकवताना हात आखडतात. पोराला काय करायचे आहे एवढे, असे म्हणतात. त्या मुलांना सूक्ष्मदर्शकापाशी नेले पाहिजे. आपल्या हाताखाली धातूच्या पोटात काय घडते, हे ज्याने एकदा पाहिले, तो पर्यवेक्षकाला ‘पत्रा शेकल्याशिवाय जोडणार नाही’ असे सांगू शकतो, आणि का ते सिद्ध करू शकतो. मजुरी कापणाऱ्यासमोर हे ज्ञान उपयोगी पडते.

पुढच्या वर्षी मेहरौलीचा स्तंभ शिकवताना मी मुलांना एक जास्तीचा प्रश्न घालणार आहे : हा स्तंभ घडवायला कोणकोणती माणसे लागली असतील, त्यांच्या कामांची यादी करा. दगड खणणारे, कोळसा पाडणारे, कातडे कमावणारे, भाता ओढणारे, सांडशी धरणारे, घण मारणारे. अभ्यासक्रमात हा प्रश्न नाही. गुण मात्र मी देणार आहे.